प्रस्तावना : श्वेतपेशींचा मागोवा आणि दोन किरणोत्सर्गी द्रव्ये

ज्वर उतरत नाही, रक्तातील श्वेतपेशींची संख्या चढलेली आहे, रोगी दिवसेंदिवस क्षीण होत चालला आहे, आणि तरीही पू नेमका कोठे साठला आहे हे सांगता येत नाही, अशी अवस्था वैद्यकाच्या व्यवहारात आजही दुर्मिळ नाही. क्ष-किरणांचे चित्र अस्थीची झीज दाखविते, सोनोग्राफीत पोटातील द्रवाचा साठा दिसतो, सीटी स्कॅनमध्ये अवयवांचे आकारमान सूक्ष्मपणे कळते. परंतु ही सर्व साधने मुख्यतः आकाराची साक्ष देणारी असल्यामुळे, शस्त्रक्रियेनंतर पोटात दिसणारा गोळा साकळलेल्या रक्ताचा की पुवाचा, अथवा कृत्रिम सांध्याभोवतीचे हाड झिजले ते सांधा सैल पडल्यामुळे की जंतूंनी पोखरल्यामुळे, या प्रश्नाचा निःसंदिग्ध निवाडा त्यांच्याकडून पुष्कळदा होत नाही. तो निवाडा करण्यास रोग्याच्या स्वतःच्याच श्वेतपेशी समर्थ असतात, कारण जंतूंचा प्रादुर्भाव जेथे झाला असेल तेथे धाव घेणे हा त्यांचा धर्मच होय. त्या थोड्याशा रक्तातून वेगळ्या काढाव्या, त्यांच्या अंगी किरणोत्सर्गी द्रव्याचा अल्पसा अंश घालावा, पुन्हा त्याच रोग्याच्या शिरेत त्या सोडाव्या आणि त्या कोठे जमतात ते गॅमा कॅमेऱ्याने पाहावे, ही पद्धती गेल्या अर्धशतकात रुळली आहे. ही खूण कोणत्या द्रव्याने करावी, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

या कामी दोन द्रव्यांनी आपले स्थान पक्के केले आहे : ऑक्सीन या संयुगाशी जोडलेले इंडियम-१११, आणि एचएमपीएओ या संयुगाशी जोडलेले टेक्नेशियम-९९एम. या दोहोंत श्रेष्ठ कोणते, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि रुग्णालयांचे व्यवस्थापकही विचारतात. परंतु ग्रंथकाराने प्रत्येक प्रकरणात दाखवून दिल्याप्रमाणे, या द्रव्यांचा प्रत्येक गुण हा ज्या भौतिक किंवा रासायनिक कारणातून उपजतो त्याच कारणातून त्यांचा एकेक दोषही उपजतो, आणि म्हणून गुण ठेवून दोष वजा करण्याची सोय येथे नाही. रोग शरीरात कोठे आहे आणि त्याची चाल शीघ्र आहे की मंद, या दोन गोष्टी ठरल्यावाचून द्रव्याची निवड करणे म्हणजे मुदत व रक्कम न पाहता दस्तऐवजावर सही करण्यासारखे आहे. ही भूमिका वाचकाच्या मनात आरंभीच ठसावी, एवढ्यासाठी या विषयाची पूर्वपीठिका व त्याचे मुख्य प्रमेय येथे थोडे विस्ताराने मांडतो.

श्वेतपेशींच्या या स्वभावाचा शोध इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे लावला. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात काटा खुपसून ठेवला असता काही काळाने त्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडतो, हे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि त्यावरून भक्षकपेशींचा जो सिद्धांत त्यांनी उभारला त्याबद्दल १९०८ साली पाउल एर्लिख यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा धागा ग्यॉर्गी हेवेशी यांचा. मूलद्रव्याचा किरणोत्सर्गी समस्थानिक रासायनिक दृष्ट्या आपल्या स्थिर भावंडासारखाच वागतो, पण त्याचा ठावठिकाणा मात्र उपकरणाने कळतो, या तत्त्वाचा उपयोग करून त्यांनी १९२३ साली वनस्पतींनी शोषलेल्या शिशाचा मागोवा घेतला. त्यांना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते या तत्त्वाबद्दलच. चिन्हित श्वेतपेशी हा या दोन धाग्यांचा संगम होय. या संगमात एक भेद मात्र विसरता कामा नये : हेवेशींच्या प्रयोगात मागोवा मूलद्रव्याचाच घ्यावयाचा होता, येथे तो पेशीचा घ्यावयाचा आहे, आणि म्हणून खूण पेशीला न सोडणारी व पेशीस अपाय न करणारी असली पाहिजे, अशी एक नवी आणि कठीण अट येथे येऊन पडते.

ही अट पुरी करण्याचे पहिले यत्न चित्रासाठी झालेच नव्हते. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात अथेन्स, कार्टराइट आणि विन्ट्रोब प्रभृती रक्तशास्त्रज्ञांनी डीएफपी या संयुगातील फॉस्फरस-३२ ने कणयुक्त श्वेतपेशी चिन्हित केल्या आणि त्यांच्या रक्तातील आयुष्याचा हिशेब मांडला. रक्तात शिरलेल्या या पेशींपैकी निम्म्या सुमारे सात तासांतच रक्ताबाहेर निघून जातात, आणि कोणत्याही क्षणी रक्तातील एकूण पेशींपैकी जवळजवळ अर्ध्या प्रवाहात नसून रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बिलगून असतात, हे ज्ञान आपणांस त्या कामातून लाभले. फॉस्फरस-३२ केवळ बीटा कण फेकतो व ते ऊतींत काही मिलिमीटरांपलीकडे जात नाहीत. त्यामुळे रोग्याच्या शरीराबाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला त्याचा काहीच उपयोग नाही. क्रोमियम-५१ गॅमा किरण देतो खरा, परंतु त्याच्या दर दहा विघटनांपैकी सुमारे एकातूनच असा किरण निघतो आणि त्याचा अर्धायुकाल जवळजवळ अठ्ठावीस दिवसांचा. म्हणजे रोग्यास प्रारणाचा भार पुष्कळ आणि चित्रास प्रकाश अत्यल्प. सात तासांचा जो आकडा यूटाच्या शास्त्रज्ञांनी दिला तो मात्र या संपूर्ण विषयाचा मानदंड ठरला, कारण खुणेचे द्रव्य निवडताना त्याचे आयुष्य या आकड्याशी ताडून पाहावे लागते.

मध्यंतरी गॅलियमने एक आडवाट दाखविली. १९६९ साली ओक रिज येथे एडवर्ड्स आणि हेज यांना हॉजकिनच्या रोगाने पीडित असलेल्या रोग्याच्या लसीकाग्रंथींत गॅलियम-६७ साठलेले आढळले, आणि पुढे लवकरच ते पुवाच्या ठिकाणीही साठते असे दिसून आले. रक्त काढावयास नको, पेशी हाताळावयास नकोत, शिरेतून द्रव्य दिले की झाले. ही सोय मोठीच होती. पण गॅलियम अर्बुदातही जाते, भरत असलेल्या जखमेतही जाते, आतड्यातून उत्सर्जित होत असल्याने पोटाचे चित्र गढूळ करते, आणि चित्रासाठी दोन-तीन दिवस थांबावे लागते. दाहाचा पत्ता ते सांगे. परंतु श्वेतपेशी तेथे गेल्या आहेत की नाहीत या मूळ प्रश्नाचे थेट उत्तर त्याच्याकडे नव्हते.

ते उत्तर लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातून आले. या रुग्णालयाच्या आवारात ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचे सायक्लोट्रॉन होते, आणि वैद्यकाच्या सेवेसाठी सायक्लोट्रॉन असलेली रुग्णालये त्या काळी जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. १९७६ साली सेगल, आर्नॉट, ठाकूर आणि लॅव्हेंडर यांनी इंडियम-१११ ने चिन्हित केलेल्या श्वेतपेशींनी गळवांचा शोध लागतो हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जॉन मॅकॅफी आणि मॅथ्यू ठाकूर यांनी अनेक किरणोत्सर्गी द्रव्यांची एकामागून एक पारख करून, विद्राव्य द्रव्यांत इंडियम-ऑक्सीन सर्वांत समाधानकारक ठरते असा निष्कर्ष मांडला. द्रव्याद्रव्यांची शिस्तबद्ध तुलना हाच या शास्त्राचा पाया आहे, हे या नोंदीवरून ध्यानी यावे.

इंडियम पेशीत शिरते ते कसे, हे पाहण्यासारखे आहे. इंडियमचा आयन विद्युत्भारित असल्याने पेशीच्या स्निग्ध आवरणातून त्याला एकट्याला मार्ग नाही. ऑक्सीनचे तीन रेणू त्याला वेढून घेतात, तेव्हा भाररहित व स्नेहद्राव्य संयुग तयार होते आणि ते आवरणातून सहज पार होते. आत गेल्यावर मात्र पेशीतील प्रथिनांचे इंडियमवरील आकर्षण ऑक्सीनपेक्षा प्रबळ ठरते, इंडियम तेथेच जखडून राहते, आणि नवरीला सासरी पोचवून पाठराखीण माघारी वळते त्याप्रमाणे ऑक्सीन आल्या वाटेने बाहेर पडते. या यंत्रणेत दोन मर्मे आहेत. एक असे की रक्तद्रवातील ट्रान्सफेरिन हे प्रथिनही इंडियमचे तितकेच लोभी असल्यामुळे, रक्तद्रव धुऊन काढून पेशी लवणद्रवात ठेवल्याखेरीज खूण नीट बसत नाही, आणि आपल्या नैसर्गिक द्रवातून बाहेर काढलेली पेशी थोडीबहुत दुखावतेच. हेदर डॅनप्युअर यांनी पुढे ऑक्सीनच्या जागी ट्रोपोलोन योजून रक्तद्रवातच चिन्हांकन करण्याची तोड काढली ती याच कारणाने. दुसरे असे की हे संयुग आपपरभाव जाणत नाही. तांबड्या पेशी, बिंबाणू, लसीकापेशी, जे जे समोर येईल त्यात ते शिरते, आणि म्हणून पेशींचे विलगीकरण जितके स्वच्छ तितके चित्र खरे.

टेक्नेशियमचा इतिहास निराळ्या वळणाचा आहे. हे मूलद्रव्य १९३७ साली पालेर्मो येथे कार्लो पेरिएर आणि एमिलियो सेग्रे यांना बर्कलेच्या सायक्लोट्रॉनमधून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात सापडले, आणि त्याचा वैद्यकोपयोगी समस्थानिक पुढल्याच वर्षी सेग्रे व सीबोर्ग यांनी ओळखला. परंतु त्याला खरे महत्त्व आले ते अमेरिकेतील ब्रुकहेवन येथे जनित्र तयार झाल्यावर. सहासष्ट तासांचा अर्धायुकाल असलेले मॉलिब्डेनम-९९ एका स्तंभात धरून ठेवावे, त्यातून अखंड निर्माण होणारे टेक्नेशियम-९९एम दररोज लवणद्रवाने धुऊन घ्यावे, या युक्तीने अणुभट्टीपासून शेकडो मैल दूर असलेल्या रुग्णालयालाही रोजच्या रोज ताजे द्रव्य मिळू लागले. एचएमपीएओ हे संयुग मुळात मेंदूतील रक्तप्रवाहाच्या चित्रणासाठी सिद्ध झालेले होते. ते स्नेहद्राव्य असल्याने मेंदूच्या पेशींत शिरते आणि आत गेल्यावर रूप पालटून जलद्राव्य बनते, त्यामुळे परत फिरू शकत नाही; हाच गुण श्वेतपेशींतही उपयोगी पडेल हे ओळखून हॅमरस्मिथ येथेच पीटर्स, डॅनप्युअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली टेक्नेशियमने चिन्हित श्वेतपेशींचा रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. एका दशकाच्या अंतराने दोन्ही द्रव्ये एकाच संस्थेतून पुढे यावीत, ही गोष्ट तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने भाग्याची ठरली, कारण दोहोंची पारख करणारे डोळे व हात पुष्कळ अंशी तेच होते.

आता कृतीविषयी. प्रौढ रोग्याचे साधारणतः चाळीस ते साठ मिलिलिटर रक्त रुंद सुईने, साकळू न देणाऱ्या द्रवात घेतात. त्यात हेटास्टार्चसारखे द्रव्य मिसळून ते पाऊण तासभर स्थिर ठेवले म्हणजे तांबड्या पेशी तळाशी बसतात. वरचा श्वेतपेशीयुक्त द्रव मंद गतीने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींचा थर वेगळा करतात. त्यात खुणेचे द्रव्य घालून दहा-पंधरा मिनिटे थांबतात. न चिकटलेला अंश धुऊन टाकतात. आणि रोग्याच्याच रक्तद्रवात पेशी पुन्हा मिसळून, जमेल तितक्या लवकर त्या परत देतात. हे सर्व निर्जंतुक कक्षात, वाहत्या स्वच्छ हवेखाली होते. टेक्नेशियमच्या बाबतीत आणखी एक नियम पाळावा लागतो : जनित्र चोवीस तासांहून अधिक काळ धुतले गेले नसेल तर त्यात साठलेले निरुपयोगी टेक्नेशियम-९९ एचएमपीएओला आधीच बळकावून बसते, म्हणून सुटीनंतर पहिल्या दिवशी प्रथम काढलेला द्रव बाजूस सारून पुन्हा ताजा काढावा लागतो, आणि संयुग तयार झाल्यावर ते मिनिटांच्या हिशेबाने वापरावे लागते. एका वेळी एकाच रोग्याचे रक्त कक्षात असावे आणि प्रत्येक नळीवर नावाची खूण दोघांनी तपासावी, हा दंडक दोन्ही द्रव्यांना समान लागू आहे. एकाच्या पेशी दुसऱ्यास दिल्या गेल्या तर होणारा अनर्थ कोणत्याही किरणोत्सर्गापेक्षा मोठा होय.

या कृतीचा हिशेब चित्रच देते. दिलेल्या पेशी प्रथम फुप्फुसांत दिसतात आणि तासाभरात तेथून निघून प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांत स्थिरावतात. प्लीहा यकृतापेक्षा उजळ दिसली तर पेशी धडधाकट आहेत असे समजावे. फुप्फुसांतील उजेड तासन्‌तास मावळला नाही, अथवा यकृतच प्लीहेहून अधिक उजळले, तर पेशी हाताळणीत जखमी झाल्या आहेत, आणि अशा चित्रावरून रोग नाही असे म्हणणे हे अज्ञानच नव्हे, तर धोकाही आहे. द्रव्यांच्या तुलनेवर विसंबून राहणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावे : मेलेल्या पेशीवर इंडियमची खूण असली काय आणि टेक्नेशियमची असली काय, ती पुवाकडे जाणार नाही.

मुख्य तुलनेकडे वळू. पहिला मुद्दा काळाचा. इंडियम-१११ चा अर्धायुकाल २.८ दिवसांचा, टेक्नेशियम-९९एमचा सहा तासांचा. मंद गतीने चाललेल्या जुन्या जंतुदोषात श्वेतपेशी हळूहळू जमतात, त्यांचे चित्र चोवीस तासांनी, प्रसंगी अठ्ठेचाळीस तासांनी घेणे इष्ट असते, आणि तोवर टेक्नेशियमच्या चार किंवा अधिक अर्धायुकालांचा व्यय होऊन उजेड षोडशांश किंवा त्याहूनही कमी उरतो; इंडियम मात्र चोवीस तासांनीही तीन-चतुर्थांशाहून अधिक शिल्लक असते. उलट तीव्र दाहात पेशी काही तासांतच ठिकाणावर पोचतात, आणि रोग्याचे ऑपरेशन आजच करावे की नाही याचा निर्णय हवा असताना उद्यापर्यंत थांबायला लावणारे द्रव्य फारसे कामाचे नाही.

दुसरा मुद्दा प्रकाशाचा आणि त्याच्या मोलाचा. टेक्नेशियमचा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा एकच स्वच्छ किरण गॅमा कॅमेऱ्याच्या स्फटिकाला अत्यंत मानवतो. इंडियमचे १७१ आणि २४५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन किरण अधिक जाड शिशाची चाळणी मागतात व चित्राची रेखीवता कमी करतात. शिवाय दीर्घायुष्यामुळे इंडियम जपूनच द्यावे लागते. साधारणतः दहा ते वीस मेगाबेक्वेरेल, तर टेक्नेशियम दोनशे किंवा त्याहून अधिक. इंडियमच्या वीस मेगाबेक्वेरेलांनी रोग्यास सुमारे सात मिलिसीव्हर्ट आणि एकट्या प्लीहेस शंभर मिलिग्रेच्या आसपास प्रारण मिळते; टेक्नेशियमच्या दोनशे मेगाबेक्वेरेलांनी सुमारे दोन मिलिसीव्हर्ट आणि प्लीहेस तीस मिलिग्रेच्या आसपास. दहापट द्रव्य देऊनही भार तिसऱ्या हिश्श्याइतकाच, हे टेक्नेशियमच्या बाजूचे सर्वांत प्रबळ प्रमाण आहे, आणि बालकांच्या बाबतीत त्यावर प्रतिवाद बहुधा संभवत नाही.

तिसरा मुद्दा खुणेच्या इमानाचा. इंडियम पेशीत एकदा जखडले की बव्हंशी तेथेच राहते. टेक्नेशियम मात्र दर ताशी काही टक्क्यांनी झिरपत राहते, आणि हे झिरपलेले अंश मूत्रपिंडांतून व पित्तमार्गाने बाहेर पडू लागतात. परिणामी मूत्रपिंड, मूत्राशय, पित्ताशय आणि काही तासांनी आतडे ही सर्व टेक्नेशियमच्या चित्रात निरोगी माणसातही उजळतात, आणि पोटातील खरा दोष त्या उजेडात लपू शकतो. इंडियमच्या चित्रात आतड्याला नैसर्गिक उजेड नाही. तेथे दिसेल तो दोषाचाच, असे गृहीत धरता येते. अर्थात या गृहीतासही अपवाद आहे, कारण फुप्फुसांच्या किंवा नाकाच्या कोटरांच्या जंतुदोषात रोगी कफाबरोबर चिन्हित पेशी गिळतो आणि त्या आतड्यात दिसतात, तसेच आतड्यातील रक्तस्रावही असे चित्र उभे करू शकतो.

या तीन मुद्द्यांवरून रोगनिहाय वाटणी आपोआप होते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन यांसारख्या आतड्याच्या दाहात टेक्नेशियम द्यावे, पण आतड्यातील नैसर्गिक उजेड दिसू लागण्याच्या आत, म्हणजे पहिल्या तासात व साधारणतः तीन तासांच्या आत चित्रे संपवावीत. मूत्रपिंडाभोवतालचे गळू, पोटातील जुनाट गळू, मंद गतीचा अज्ञात ज्वर, यांत इंडियमचे पारडे जड. हातापायांच्या अस्थींतील तीव्र जंतुदोषात टेक्नेशियमचे रेखीव चित्र उपयोगी पडते. मधुमेही पायात हाड जंतूंनी खाल्ले की संवेदना गेल्याने सांधे विस्कटून शार्कोचा विकार झाला, हा भेद क्ष-किरणांना दुरापास्त आहे. तेथे श्वेतपेशींचा कौल मोलाचा असतो, फक्त शार्कोच्या पायातही कधी अस्थिमज्जा नव्याने उगवलेली असते आणि ती पेशींना आपल्याकडे ओढते, हे ध्यानात ठेवावे लागते. कृत्रिम गुडघा किंवा खुबा यांच्याभोवती मज्जेची वाटणी अशीच बदललेली असल्याने, श्वेतपेशींच्या चित्राला गंधकाच्या कलिल द्रव्याने घेतलेल्या मज्जाचित्राची जोड द्यावी लागते : पेशी आहेत पण मज्जा नाही असे दिसले तर जंतुदोष. हे मज्जाचित्र टेक्नेशियमने घेतात, म्हणून पेशींवर इंडियमची खूण असेल तर दोन निराळ्या ऊर्जांचे किरण कॅमेरा एकाच बैठकीत वेगळे करू शकतो, आणि पेशींवरही टेक्नेशियमच असेल तर दोन परीक्षांमध्ये एक-दोन दिवसांचे अंतर ठेवावे लागते. पाठीच्या कण्याचा जंतुदोष मात्र दोघांनाही हुलकावणी देतो. तेथे पुष्कळदा उजेडाऐवजी काळा डाग दिसतो आणि त्याची कारणे अनेक असू शकतात, म्हणून कण्यासाठी ग्रंथकार गॅलियम किंवा एफडीजीच्या पेट चित्रणाकडे वळण्याचा सल्ला देतात, तो यथार्थ आहे.

नव्या दावेदारांचा परामर्श पुस्तकात संक्षेपाने घेतला आहे आणि तितकाच तो पुरेसा आहे. रक्त बाहेर न काढता शिरेतूनच प्रतिपिंड देऊन श्वेतपेशींना शरीरातच गाठावे, ही कल्पना आकर्षक आहे. परंतु अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळालेले फॅनोलेसोमॅब हे असे द्रव्य रोग्यांच्या मृत्यूच्या नोंदी झाल्यावर पुढल्याच वर्षी बाजारातून मागे घ्यावे लागले, हा दाखला उत्साहाला आवर घालणारा आहे. फ्ल्युओरीन-१८ युक्त एफडीजीने पेशी चिन्हित करण्याचेही यत्न झाले, पण त्याचा अर्धायुकाल एकशे दहा मिनिटांचा आणि पेशीतील धारणा डळमळीत. सव्वातीन दिवसांचा अर्धायुकाल असलेले झिर्कोनियम-८९ ऑक्सीनशी जोडले तर इंडियमचीच रीत पेट कॅमेऱ्याच्या रेखीवतेसह साधते. परंतु दीर्घायुष्य आले की प्रारणाचा भारही आला, हा या विषयाचा जुना नियम तेथेही सुटलेला नाही.

आपल्याकडील परिस्थितीचा विचार केला तर पुरवठा हा मुद्दा अग्रभागी येतो. तुर्भे येथे १९५६ साली अप्सरा अणुभट्टी सुरू झाली आणि पुढे सायरस व ध्रुव या भट्ट्या उभ्या राहिल्या, त्यामुळे भट्टीतून निघणाऱ्या समस्थानिकांची परंपरा या देशात मुंबईतच रुजली. परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या शास्त्राचे अध्यापन व उपचार करीत आले आहे, आणि नव्या मुंबईत वाशी येथील ब्रिट ही संस्था मॉलिब्डेनम-टेक्नेशियमचा पुरवठा देशभरच्या रुग्णालयांना करते. इंडियम-१११ भट्टीत नव्हे तर सायक्लोट्रॉनमध्ये कॅडमियमवर प्रोटॉनांचा मारा करून तयार होते, आणि ते बहुतांशी परदेशातून मागवावे लागते. म्हणजे रोग्याची तारीख ठरवून, मागणी आगाऊ नोंदवून, विमानाच्या वेळापत्रकावर भिस्त ठेवावी लागते. टेक्नेशियमही संकटमुक्त नाही. कॅनडातील चॉक रिव्हरची अणुभट्टी मे २००९ पासून ऑगस्ट २०१० पर्यंत बंद पडली आणि त्याच काळात हॉलंडमधील पेटेनची भट्टीही दुरुस्तीसाठी थांबली, तेव्हा जगभरच्या रुग्णालयांत जनित्रांची टंचाई झाली होती. तरीही जिल्ह्याच्या गावी जनित्र पोचू शकते, इंडियम सहसा पोचत नाही, हे वास्तव आपल्या निवडीला वळण लावते. आणि शास्त्रीय दृष्ट्या इंडियम हवे असताना केवळ हाताशी आहे म्हणून टेक्नेशियम वापरले, तर तशी नोंद अहवालात स्पष्टपणे करणे हे प्रामाणिकपणाचे आहे.

या पुस्तकाची योग्यता माझ्या मते अशी आहे की यात आकडे आहेत, पण आकड्यांची कोष्टके हा त्याचा शेवट नाही. प्रत्येक आकड्याचे कारण सांगितले आहे, आणि कारण कळले की निवड वाचकाला स्वतः करता येते. परिभाषेच्या बाबतीत ग्रंथकाराने रूढ इंग्रजी संज्ञा देवनागरीत ठेवून त्यांभोवती मराठी वाक्य उभे केले आहे, हे धोरण मला मान्य आहे. पेशींच्या विलगीकरणाचे प्रकरण तंत्रज्ञांनी दोनदा वाचावे, कारण चित्राचे भवितव्य त्यांच्या हातात असते.

वाचकांपैकी जे वैद्य आहेत त्यांना एवढीच विनंती आहे की श्वेतपेशींच्या चित्रासाठी रोग्यास पाठविताना चिठ्ठीवर केवळ ‘जंतुदोष आहे काय’ असे लिहून थांबू नये. संशय कोणत्या अवयवाचा आहे, तक्रार किती दिवसांची आहे, कोणती शस्त्रक्रिया झाली व शरीरात धातू बसविला आहे काय, रक्तातील श्वेतपेशींची संख्या किती आहे, आणि प्रतिजैविके कधीपासून चालू आहेत, हा तपशील दोन ओळींत मावतो. तो चिठ्ठीवर असेल तर इंडियम की टेक्नेशियम हा प्रश्न बहुतेक वेळा तेथेच सुटतो. नसेल, तर सर्वोत्तम द्रव्यही चुकीच्या वेळी चुकीच्या जागी पाहिले जाते.